भाऊजींची बढती

माझी एक किडनी माझ्या ताईच्या पोटात होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे माझा आवाज चढला तर याचा काय संबंध असं कुणाला वाटायला नको. मी प्लंबर. आमच्या धंद्यात गाळणी गेली की दुसरी बसवायची, फार विचार करायचा नाही. ताईच्या दोन्ही गेल्या तेव्हा डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना तपासलं, माझी जुळली, मी दिली. त्यात मोठेपणा कसला? लहानपणी तिने मला आईच्या मारातून जितक्या वेळा सोडवलं, ते पाहता दोन्ही द्यायला हव्या होत्या.

पण ही गोष्ट माझी नाही, भाऊजींची आहे. ताईच्या नवऱ्याची.

भाऊजी मोठ्या लाँड्रीत कामाला. शहरातल्या दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी तिथे गाड्या भरभरून येतात. ओली चादर दोघांनी दोन टोकांना धरून गरम रोलरखाली सारायची, पलीकडून ती कोरडी, कडक होऊन बाहेर येते, की लगेच घडी. भाऊजी पलीकडच्या बाजूला उभे असत. वाफेने त्यांचे हात कोपरापर्यंत कायमचे लालसर झाले होते. घरी साधा टॉवेल वाळत घालतील तोसुद्धा चारी कोपरे जुळवून. मी चिडवायचो, "भाऊजी, तुम्ही झोपतानासुद्धा स्वतःची घडी घालत असाल." ते म्हणायचे, "तुझी ताई पांघरूण ओढते, नाहीतर घातलीच असती."

आता सरकारचं सांगतो. केंद्र सरकारच्या विमा योजनेतून ताईचं ऑपरेशन झालं. आमच्याकडून दमडी घेतली नाही. त्याबद्दल मी आजही हात जोडतो. पण दुसऱ्याची किडनी शरीर आपली मानत नाही, सख्ख्या भावाची असली तरी नाही. रोज गोळ्या घालून शरीराला गप्प बसवावं लागतं, जन्मभर. त्या गोळ्या योजना तीन वर्षं सगळ्यांना देते. पुढे फक्त त्यांनाच, ज्यांचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत आहे. तिच्या वर गेलात की तुमचं तुम्ही बघा. लाँड्रीच्या विम्यात ह्या गोळ्या बसत नव्हत्या, आणि त्यांची किंमत अशी की बढतीने वाढलेला पगार तर जाईलच, वर घरभाडंही जाईल.

भाऊजींचा पगार मर्यादेच्या जेमतेम आत होता. तो तिथून हलू द्यायचा नाही, एवढंच त्यांनी पुढची कितीतरी वर्षं केलं. जादा पाळी घेत नसत. दिवाणखान्यातला पंखा किरकिरत राहिला, तसाच राहिला. त्यांनी शिकवलेली माणसं एकेक करून त्यांच्यावर सुपरवायझर झाली, निळा कोट घालून त्यांनाच कामं सांगू लागली. घरी त्यांनी सांगितलं होतं, "मॅनेजरशी आपलं पटत नाही." मलाही ते खरंच वाटायचं. त्या न पाहिलेल्या मॅनेजरला मी जेवताना इतक्या शिव्या घातल्यात की त्याला उचकीने जेवण जात नसेल.

मग एक जुना सुपरवायझर निवृत्त झाला. त्याच्या निरोपाला सगळ्यांना सहकुटुंब बोलावलं होतं. भाऊजींनी ताईला नेलं, मी गाडी चालवायला म्हणून गेलो. मॅनेजर भला माणूस निघाला. भाषणात म्हणाला, "ही जागा आता कोण घेणार? ज्याने घ्यायला पाहिजे तो समोर बसलाय. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाला. वहिनी, आता तुम्हीच समजवा ह्यांना. असा आळशी कष्टाळू माणूस मी पाहिला नाही!" सगळे हसले. भाऊजीही हसले. ताई हसली नाही. ती त्यांच्या हातांकडे बघत होती. येताना गाडीत ती एक शब्दही बोलली नाही, आणि बोलल्याशिवाय ती राहते म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला कळायला हवं होतं, पण मी पडलो नळवाला.

महिन्याभराने मी जेवायला गेलो तर ताई खुशीत. म्हणाली, "डॉक्टरांनी महागडी गोळी बंद केली. तपासण्या इतक्या छान आल्या की म्हणाले, आता नुसती साधी गोळी पुरे. ती तर कुठेही मिळते."

भाऊजींनी हातातला घास खाली ठेवला. "नक्की असंच म्हणाले?"

"मग काय मी मनाचं सांगतेय? दर वेळी एकटी जाते ना मी? मलाच सांगणार ना ते?"

"म्हणजे योजना नसली तरी चालेल?"

"चालेल म्हणतेय ना. तुम्ही त्या मॅनेजरला आता हो म्हणा."

मी छाती फुगवून म्हणालो, "किडनी कुणाची आहे! आमच्या घराण्याचा माल आहे, हमी जन्मभराची." भाऊजी उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून चेहरा धूत राहिले.

निळा कोट घातलेले भाऊजी मी पाहिलेत. पहिल्या दिवशी ताईने स्वतः त्याची बटणं लावली. माणूस सरळ उभा राहायला लागला. नवा पंखा आला. लाँड्रीत वाफेपासून हात वाचवायला लांब मोजे सगळ्यांना मिळाले, ते भाऊजींनी भांडून मिळवले. भाऊजी भांडतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. ते वर्ष त्या घराचं सोन्याचं वर्ष होतं, हे मी अजूनही नाकारणार नाही.

ताईकडे जुन्या गोळ्यांचा साठा होता. ती त्या अर्ध्या करून घेत होती, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. तपासणीला जाते म्हणून निघायची आणि बागेतल्या बाकावर बसून परत यायची. हे सगळं नंतर कळलं. आधी दिसली ती तिची चप्पल. पायात शिरेना. भाऊजी खाली बसून पट्टा सैल करत होते, आणि त्यांच्या बोटाचा खळगा तिच्या पायावर तसाच राहिला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"तुम्हीच बंद केल्यात ना?" भाऊजी म्हणाले.

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. भाऊजींनी ताईकडे पाहिलं. तिने पदर तोंडाला लावला, आणि मला वाटतं त्या क्षणी त्या खोलीत सगळ्यात उशिरा समजलं ते मला.

माझा राग काय सांगू! आजाऱ्याच्या खाटेशी मी ओरडलो. "पोटातून काढून दिली होती तुला! मागितली असतीस तर गोळ्यांसाठी घर विकलं असतं मी!"

"म्हणूनच नाही मागितलं," ताई म्हणाली. "एकाचं आयुष्य खाऊन झालं होतं, दुसऱ्याचं कशाला? हे रोज माझ्यासाठी मान खाली घालून कामाला जायचे. ते मला दिसत होतं रे. किडनी आत असते, ती कुठे दिसते?"

भाऊजी तिच्या अंगावरची चादर उगाच सारखी करत राहिले.

किडनी गेली. माझी, तिची, ज्याची म्हणाल त्याची. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. खर्चाचं विचारायला भाऊजी आणि मी योजनेच्या खिडकीवर गेलो. तिथली बाई समजूतदार होती. म्हणाली, "आता अजिबात काळजी करू नका. डायलिसिसला उत्पन्नाची अट नाही. हवी तितकी वर्षं मिळेल, सगळं सरकार देईल."

भाऊजींनी विचारलं, "बाई, स्वस्त काय पडतं? त्या गोळ्या की हे?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "गोळ्या. कितीतरी स्वस्त. आम्हीही वर कळवतो हो. पण नियम तसा आहे."

बैल गेला आणि झोपा केला, अशी म्हण आहे. इथे तर बैल असेपर्यंत झोप्याला पैसे नाहीत आणि बैल गेल्यावर सोन्याचा झोपा मंजूर. मी खिडकीवर हात आपटणार होतो. भाऊजींनी माझं मनगट धरलं आणि त्या बाईला म्हणाले, "तुमचा काही दोष नाही."

घरी येऊन त्यांनी निळा कोट काढला, चौकोनी घडी घातली आणि म्हणाले, "उद्या परत करतो. मी रोलरवरच बरा."

ताईला पाच पावलं चालली की दम लागत होता. ती उठली, कपाट धरत धरत आली आणि तिने कोट उचलून झटकून घडी मोडली.

"अहो, माझी किडनी गेलीय ह्याच्यात. परत केलात तर ती फुकट गेली."

भाऊजींनी कोट घेतला. रडणारा तो माणूस नव्हे, पण त्या दिवशी रडला, माझ्यासमोर, दोन्ही हातांत कोट धरून. मीही रडलो. ताईच तेवढी रडली नाही.

डायलिसिसच्या वॉर्डातल्या चादरी त्यांच्याच लाँड्रीतून येतात. तेवढी गाडी आली की सुपरवायझर कोट खुंटीला लावून स्वतः रोलरशी उभा राहतो, असं तिथली माणसं सांगतात. नर्सने चादर उलगडली की ताई नुसती पाहून सांगते, ही ह्यांची आहे, ही दुसऱ्या कुणाची. मग त्यावर आडवी होते आणि मला म्हणते, "जा आता, कुणाचे तरी नळ गळत असतील."

गेल्या वर्षी मॅनेजरने भाऊजींना पुन्हा बोलावलं. सगळ्या लाँड्रीची देखरेख द्यायची होती, पगार जवळजवळ दीडपट. भाऊजींनी फक्त योजनेच्या खिडकीवर जाऊन एकदा विचारलं, डायलिसिसला खरंच कसली अट नाही ना? कसलीच नाही, खिडकीवरची बाई म्हणाली. मग त्यांनी हो म्हटलं. आता सरकारची काहीच हरकत नव्हती.