खरवडलेली वाफ

नगरला एका फोटो स्टुडिओत मी रिटचिंगचं काम करायचे. निगेटिव्ह तिरप्या काचेवर ठेवायची, मागून उजेड सोडायचा आणि भिंगातून बघत टोकदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग भरायचे. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं. पेन्सिल लावली की कागदावर तेवढी जागा उजळ येते, ब्लेडने हलकं खरवडलं की काळी पडते. लग्नाच्या मुलींचे, स्थळाला पाठवायचे फोटो जास्त असत. देवीचे वण, डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळावरची खोक, सगळं मी घालवायचे. सासरहून परत आले होते, केडगावला आईजवळ राहत होते. चौथीनंतर शाळा सुटलेली. बसून करायचं काम मिळालं आणि कुणाशी बोलावं लागत नाही, यात मला बरं वाटायचं.

कामाला मी चालत जायचे. वाटेत रेल्वेचं फाटक होतं आणि सकाळच्या पॅसेंजरला ते बंद असायचं. एक्सप्रेसना डिझेल लागून बरेच दिवस झाले होते, पण या पॅसेंजरला अजून कोळशाचं इंजिन होतं. सायकलवाले, टेम्पोवाले, दुधाचे कॅन घेतलेले लोक वैतागून उभे असत. मी मात्र फाटक लवकर उघडू नये असं मनात म्हणायचे. इंजिन जवळ आलं की पायाखाली जमीन हलायची आणि तोंडावर कोमट, कोळशाचा वास असलेला वारा यायचा. दिवसभर पोरींचे चेहरे भिंगातून बघायचे, त्याआधी एवढं मोठं काहीतरी डोळ्यांत भरून घ्यावं असं वाटायचं.

स्टुडिओच्या मालकांना मी काका म्हणायचे. एक दिवस ते म्हणाले, "काय गं, रोज उशीर?"

"फाटक होतं."

"फाटक सगळ्यांनाच असतं. तू गाडी बघत थांबतेस. आमच्या पोऱ्याने पाहिलंय तुला."

मी खाली मान घातली. मला वाटलं, आता पगार कापतात. काकांनी कपाटातून त्यांचा जुना कॅमेरा काढला, त्यात उरलेलासुरला रोल भरला आणि माझ्यापुढे ठेवला. "नुसतं बघून काय करतेस? काढ फोटो. धुवायला तर तूच आहेस."

असे माझे फोटो सुरू झाले. आईला आवडलं नाही. "लोक फोटू काढाया बायकूपोरं उभी करत्यात," ती म्हणायची, "अन् ही बया इंजनाला उभी करती."

महिन्यातून एका रविवारी शहरातले हौशी फोटोग्राफर एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमायचे. वकील, डॉक्टर, दोन-तीन स्टुडिओवाले. प्रिंट दोरीला चिमट्याने लावायच्या, कुणाची कुठली ते सांगायचं नाही, आणि एक निवृत्त ड्रॉईंग मास्तर एकेका फोटोवर बोलायचे. सगळे त्यांना सर म्हणत. काकांनी माझा एक फोटो तिकडे नेला आणि मलाही नेलं. मी दाराजवळच्या बाकावर बसले.

माझ्या फोटोपुढे सर थांबले. "हे काय आहे?"

"धुणं वाळत घातलंय, सर," मागून कुणीतरी म्हणालं. खोलीत हशा झाला.

"अहो, इंजिन आहे ते," काका म्हणाले.

"असेल. मला दिसत नाही. वाफेने सगळं खाल्लंय. चाकं नाहीत, चाकांना जोडणारे दांडे नाहीत, ड्रायव्हर नाही. ज्याने काढलंय त्याने आधी ठरवावं, इंजिन दाखवायचंय की ढग. आणि जरा लवकर ठरवा म्हणावं. विलायतेहून लोक येतात ही इंजिनं टिपायला, आणि आपल्या दारातली चालली."

सर रागाने बोलले नव्हते. पण घरी जाताना वाटभर मला तेच ऐकू येत होतं. चाकं नाहीत, दांडे नाहीत. माझ्या कामात दोष सांगितला की तो काढायचा असतो, एवढंच मला माहीत होतं. गिऱ्हाईक म्हणालं नाकावर काळं आलंय, की मी ते काढते. सरांचं बोलणं मी तसंच धरलं.

फाटकवाला बोलका माणूस होता. रोज कॅमेरा बघून तो माझी चौकशी करायचा आणि मी मान हलवायचे. थंडीच्या दिवसांत एकदा तो म्हणाला, "ताई, काय काढायचं त्ये काढून घ्या. फुडल्या म्हयन्यापासनं हितं निस्तं डिझेल. ड्रायव्हरच सांगत हुता. त्याला म्या म्हनलं, एक बाई रोज तुजा फोटू काढती. तर म्हनतोय कसा, मंग मलाबी एक पायजे. म्या म्हनलं, त्वांड धुऊन ये आदी."

ड्रायव्हर म्हणजे पिकल्या मिशांचा, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. आता तो फाटकाजवळ हात करायचा. मी कॅमेऱ्यामागे तोंड लपवायचे.

शेवटच्या दिवशी कडक थंडी होती. ऊन नुकतंच रुळांवर आलं होतं. इंजिन फाटकाजवळ आलं तसा ड्रायव्हर अर्धा बाहेर वाकला आणि त्याने चाकांजवळच्या नळ्यांतून दोन्हीकडे वाफ सोडली. इंजिन पांढऱ्यात बुडालं. उन्हाने त्या पांढऱ्याला कडा आल्या आणि वरून इंजिनाची टाकी, ड्रायव्हरचा काळा चेहरा आणि उंचावलेला हात तेवढा दिसत होता. मी एकदाच बटण दाबलं. रोलही तेवढाच उरला होता.

"बगितलं का!" फाटकवाला ओरडला. "तुमच्यासाटी सोडली हां वाफ!"

निगेटिव्ह धुऊन उजेडाला धरली. चाकांच्या जागी सगळं गच्च काळं, म्हणजे कागदावर सगळं पांढरं. पुन्हा तेच झालं होतं. आणि आता ते इंजिन पुन्हा येणार नव्हतं.

काका लग्नाच्या ऑर्डरी घेऊन पारनेर, सोनईकडे फिरत होते. स्टुडिओत मी एकटीच होते. मी नवं ब्लेड घेतलं आणि वाफ खरवडायला लागले. श्वास रोखून, पापुद्रा पापुद्रा. वाफेखाली चाकं नव्हती, नुसती कोरी फिल्म होती. मग आठवणीने पेन्सिलीने आरे काढले, दांडे काढले. ड्रायव्हरच्या तोंडावरची काजळी घालवली. टाकीवरचे तेलाचे ओघळ पुसले. कित्येक दिवस दुपारची भाकरी तशीच राहायची. काम संपलं तेव्हा मी मोठी प्रिंट काढली. इतकं सफाईचं काम हातून कधी झालं नव्हतं. काकांनी परत आल्यावर ती उभ्या उभ्या बघितली, "झकास" म्हणाले आणि गुंडाळून ठेवली.

वाचनालयातल्या पुढच्या रविवारी सर माझी प्रिंट दोरीवरून काढून खिडकीपाशी घेऊन गेले. उजेडात तिरपी करून बघितली.

"हे इंजिन चालत नाहीये," ते म्हणाले. "चाकं कागदावर चिकटवल्यासारखी आहेत. आणि याची वाफ कुठे गेली? ही सावली पडलीय ती कशाची?"

"सर, इंजिनाचं लग्न ठरवायचंय," एक स्टुडिओवाला म्हणाला. "स्थळाला पाठवायचा फोटो आहे हा. हुंड्यात डबे देणार आहेत."

सगळे खूप हसले. काकाही आधी हसले आणि मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

सर हसले नाहीत. "ज्याने रंगवलंय त्याचा हात चांगला आहे. पण मूळ फोटो याहून चांगला असणार. मूळ निगेटिव्ह आणा पुढच्या वेळी, साधी प्रिंट काढून बघू."

त्यांना वाटलं होतं, मी कागदावर काम केलंय; मी तर निगेटिव्हच खरवडली होती. काकांनी मला हळूच विचारलं, "याची दुसरी निगेटिव्ह आहे ना गं?" मी मान हलवून नाही म्हटलं. जिना उतरताना मला सरांचं मागच्या वेळचं बोलणं पहिल्यांदा नीट कळलं. जरा बाजूला सरकून उभं राहा, वाफ सरल्यावर बटण दाबा, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. ते पुढच्या फोटोबद्दल बोलले होते. मी तो फोटो कधी काढणार होते?

आठवड्याभरात ड्रायव्हर पत्ता विचारत स्टुडिओत आला. अंगात धुतलेला शर्ट होता, म्हणून मी आधी ओळखलंच नाही. मी त्याच्यासाठी एक प्रिंट काढून ठेवली होती. ती हातात धरून तो बघत राहिला.

"बाई, ह्यो मीच का?"

मी मान हलवली.

"लई गोरा केलाय." तो हसला. मग त्याने फोटो जवळ घेतला, लांब धरला. "वाफ सोडली हुती की म्या. दोनी बाजूनं. मंडळींना सांगितलंय घरी, बग म्हनलं कशी वाफ सोडली त्ये. तिनं कदी इंजनावर बगितलंच न्हाई मला." तो थांबला. "वाफवाला दुसरा आसंल न्हवं?"

मला नाही म्हणता आलं नाही. माझ्या तोंडून "काढून ठेवते" असं गेलं.

"गावाकडं जायाच्या आदी येऊन जातो," म्हणत तो गेला. पहिली प्रिंट त्याने टेबलावरच ठेवली.

मी निगेटिव्ह पुन्हा काचेवर घेतली. खरवडलेल्या जागी आता काही धरत नव्हतं. लाल रंग लावला की कागदावर पांढरं येतं, म्हणून बारीक कुंचल्याने लाल रंग लावून बघितला. पांढरं आलं, पण फाटक्या गादीतून कापूस निघावा तसं. पुसलं, पुन्हा लावलं. पुसता पुसता चाकंही पुसट झाली आणि ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या रुमालाच्या कडेला ओरखडा पडला.

काका म्हणाले, "सोड आता. यात काही उरलं नाही."

"तो येणार आहे."

"आला तर सांग त्याला."

तो आला तेव्हा मी डार्करूममध्ये होते. बाहेर त्याचा आवाज ऐकला आणि मी आतून कडी लावली. काका त्याला सांगत होते, निगेटिव्ह खराब झाली, आता निघणार नाही.

"एकबी न्हाई?" त्याने विचारलं.

"नाही हो."

"बाई हायेत का?"

"आज आली नाही," काका म्हणाले.

बाकड्याचा आवाज आला, म्हणजे तो बसला असावा. त्याने पाणी मागितलं, प्यायला. लाल दिव्याखाली हातात ओली प्रिंट घेऊन मी उभी होते आणि तिच्यातून पाणी माझ्या पायांवर गळत होतं. बाहेर गेले असते तर काय बोलले असते, ते मला आजही माहीत नाही. मग त्याच्या चपला दाराबाहेर वाजल्या. काकांनी मला हाक मारली नाही. मी बऱ्याच वेळाने कडी काढली.