सिनेमाचा शेवट कुणी केला

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, ते नीटसं मलाच ठाऊक नाही.

तसं माझं बरं चाललंय. दौंडच्या कॉलेजात मुलांना सिनेमा शिकवतो. स्वतंत्र सिनेमा कसा जन्मला, हा माझा आवडता तास. ज्यांच्या गोष्टी मोठ्या निर्मात्यांना नको होत्या, ते कॅमेरा घेऊन आपल्याच गल्लीत उतरले—सेट नाही, नट नाहीत, सूर्य देईल तेवढा उजेड. आणि शेवट? तो बहुतेकदा मोकळा सोडलेला. मग मुलं म्हणतात, सर, तुमच्या सिनेमातला शेवट सांगा. आणि मी सांगतो—खुशीत सांगतो.

एकच सिनेमा केला मी, मांडवगण फराट्याला. बारा वर्षांनी दारात आलेल्या धाकट्या बहिणीची गोष्ट. थोरलीचं काम केलं गावातल्याच अनसूयाबाईंनी. खुरपणीला जाणारी बाई, कॅमेरा पहिल्यांदाच पाहत होती. शेवटी थोरलीनं बहिणीला माफ करायचं—पानभर संवाद लिहिला होता मी. रात्र रात्र जागून नव्हे, पण मन लावून.

अनसूयाबाई म्हणाल्या, “सर, इतकं कुणी बोलत न्हाई. च्या ठेवंल ती.”

“लिहिलंय तेवढं बोला,” मी म्हणालो.

कॅमेरा सुरू झाला. त्या बोलल्याच नाहीत. चुलीवर आधण ठेवलं, एक कप बहिणीपुढे सरकवला आणि तिच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मी भडकलो. सगळ्यांसमोर म्हणालो, “तुम्हाला खुरपं कळतं, सिनेमा नाही.” त्या खाली मान घालून बाजूला झाल्या. पुन्हा घ्यायला ऊन उरलं नव्हतं.

एडिटिंगला बसलो तेव्हा दिसलं, ती पाठ म्हणजेच सिनेमा होता. माझं पान फेकून दिलं. मग त्यांना सांगायला का गेलो नाही?—गेलो नाही, एवढंच.

दौंडला सिनेमा दाखवला. अनसूयाबाई दुसऱ्या रांगेत, घडीचं लुगडं नेसून. एका मुलीनं विचारलं, “सर, हा शेवट कसा सुचला?” मी म्हणालो, “लिहितानाच ठरवला होता. मौनावर माझा विश्वास आहे.” टाळ्या झाल्या. त्यांनीही वाजवल्या.

इथवर असतं, तरी कदाचित मी विसरलो असतो.

बाहेर त्या माझ्यापाशी आल्या. “सर, तवा तुम्ही लई रागावला हुता. मला आजवर वाटायचं, माझ्यापायी पिच्चर बिघडला. म्हंजी ते आधीच लिवलेलं हुतं व्हय?”

चेहऱ्यावर राग नव्हता. सुटल्यासारखं हसू होतं. एक शब्द खरा बोलायचा होता मला—कोण अडवत होतं?

“हो,” मी म्हणालो. “आधीच लिहिलेलं होतं.”

“मग बरं झालं,” म्हणाल्या, आणि शिरूरच्या गाडीकडे निघाल्या.

त्यानंतर दरवर्षी नव्या मुलांपुढे मी तेच बोललो. झोप लागते मला, जेवण जातं. तो शेवट अनसूयाबाईंचा होता. तो मी त्यांच्या देखत माझा करून घेतला—आणि त्या मला ‘बरं झालं’ म्हणाल्या.