हुमैदच्या बंदुकीचं मोल

ओमानातल्या निझव्याच्या बाजारात शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा लिलाव आटोपला की जुन्या बंदुकांचा सुरू होई, आणि तिथे सुवैदान म्हाताऱ्याच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. थोरल्या मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू जहरान म्हणत. बंदूक हातात आली की तो आधी लाकडाचा वास घेई, मग खटका ओढून कानाशी धरी, नळीत डोकावे आणि एकच आकडा सांगे. तो आकडा म्हणजे दगडावरची रेघ. दलाल तिथूनच बोली सुरू करत.

माणूस फटकळ. खुद्द सासऱ्याची बंदूक चारचौघांत हातात घेऊन ‘चुलीत घाला’ म्हणाला होता. सासरा मरेपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. सुवैदानला त्याचं वाईट वाटणं दूरच, काहवा पिताना ही गोष्ट तो स्वतःच मिटक्या मारत सांगे. पैशाचा माज बरा, तो पैशाबरोबर उतरतो. खरेपणाचा माज चढला की उतरत नाही, आणि याला तो चांगलाच चढला होता.

रमजाननंतर एका सकाळी मुसल्लम त्याच्या दुकानात आला. मुसल्लम म्हणजे हुमैदचा मुलगा, आणि हुमैद सुवैदानचा बालमित्र. दहा-अकरा वर्षांपूर्वी ओढ्याला पूर आला असताना ‘येईन’ म्हणून निघालेल्या हुमैदने गाडी पाण्यात घातली. गाडी खाली दगडांत अडकलेली सापडली, हुमैद सापडला नाही. गावाने त्याला मनातल्या मनात कधीच पुरलं होतं. बायको झुवैनाने मात्र पुरलं नव्हतं.

“काका, बाबांची बंदूक बघायला चला,” मुसल्लम म्हणाला. “पुढच्या शुक्रवारी मस्कतचे शौकीन येणार आहेत. बरा भाव आला तर मी तिकडेच घर बघतो. आईला इथे किती दिवस ठेवू?”

“आई तयार आहे?”

“आई काय, दारच सोडत नाही. म्हणते, ते आले आणि घराला कुलूप दिसलं तर? तुम्हीच सांगा आता.”

सुवैदानने काठी उचलली आणि निघाला.

झुवैनाने खजूर आणि काहवा पुढे ठेवला. मुसल्लम बंदूक काढायला आत गेला, तशी ती दाराच्या चौकटीशी येऊन हलक्या आवाजात बोलली.

“अबू जहरान, तिला मोल नाही असं सांग.”

“काय?”

“जिवंत माणसाची बंदूक कुणी बाजारात नेतं का? दलाल रिंगणात फिरताना आधी मालकाचं नाव घेईल आणि पुढे म्हणेल, अल्ला त्याच्यावर रहम करो. सगळा बाजार आमीन म्हणेल. एकदा एवढ्या लोकांनी आमीन म्हटलं की मी कुणाची वाट बघायची? तू एवढं कर. पुन्हा काही मागणार नाही.”

“उम्म मुसल्लम, माझ्या तोंडून खोटा भाव निघत नाही,” सुवैदान मुसल्लमच्या आईला तुटकपणे म्हणाला. “सासऱ्यासाठी निघाला नाही, तुझ्यासाठी कसा निघेल?”

ती आतल्या अंगणाकडे वळली. तेवढ्यात मुसल्लम आला.

म्हाताऱ्याने बंदूक हातात घेऊन उजेडात धरली. इंग्रजी मार्टिनी, तीही आखूड नळीची, घोडेस्वारांसाठी केलेली. आमच्याकडच्या मार्टिनींना बापजाद्यांनी हौसेने चांदीच्या पट्ट्या ठोकलेल्या असतात, लाकूड तासून आपल्या खांद्याजोगं केलेलं असतं. हिला कुणी बोटही लावलं नव्हतं. खटक्यावर कोरलेला आकडा आणि नळीवरचा आकडा एकच, म्हणजे एकही भाग बदललेला नाही. लाकडाला ताज्या तेलाचा वास. हुमैद परत आल्यावर त्याला ती गंजलेली दिसू नये म्हणून झुवैना दर आठवड्याला तेल देत होती. चार हजार रियालच्या खाली बोली सुरूच होऊ नये, अशी चीज. उभ्या आयुष्यात अशी बंदूक त्याने दोनदा पाहिली असेल.

त्याने नळीतून पाहिलं. पलीकडे अंगणातला उजेड होता आणि त्यात झुवैनाचे पाय दिसत होते, न हलता उभे.

“नक्कल आहे,” सुवैदान म्हणाला. “पठाणांकडची. तिकडे घरोघरी ठोकतात असल्या.”

मुसल्लमचा चेहरा उतरला. “काका, नीट बघा ना. आजोबांना इमामांच्या फौजेतल्या स्वारानं दिलेली, बाबा सगळ्यांना सांगायचे.”

“सांगायला काय जातंय? तुझ्या आजोबांना कुणीतरी टोपी घातली, ती त्यांनी तुझ्या बापाला घातली. लिलावात नेऊन हसं करून घेऊ नकोस.”

अंगणातले पाय निघून गेले. परत जाताना म्हातारा स्वतःवर खूश होता. आयुष्यभर जपलेली गोष्ट आज मित्राच्या बायकोसाठी मोडली, आणि ती काय ते समजून गेली असणार. वेगळं जाऊन सांगायचं कशाला? भिंतींनाही कान असतात, आणि आपण खोटा भाव सांगितला असं कळलं असतं तर बाजारात तोंड दाखवायची सोय उरली नसती. म्हणून तो गप्प राहिला. खरं सांगायचं तर भ्याला.

पुढचे काही शुक्रवार गेले. एका सकाळी किल्ल्याखालच्या गल्लीत, जिथे परदेशी पाहुण्यांसाठी खंजीर आणि काहव्याच्या सुरया मांडतात, तिथे तो थबकला. एका दुकानात दिवा उभा होता. वर पिवळी कापडी टोपी, खाली दांड्याच्या जागी आखूड मार्टिनी. खटका वितळवून बंद केलेला, लाकडाला आरपार भोक पाडून त्यातून वायर काढलेली.

“ही कुठून आली?” त्याने दुकानदाराला विचारलं.

“हुमैदच्या पोरानं आणून दिली. फुकटच म्हणा ना. तुम्हीच नकली म्हणालात म्हणे! मग काय, खरी असती तर भोक पाडायला हात धजावला असता का माझा? काहवा घेणार?”

सुवैदानने काहवा घेतला नाही. त्या वयात जमेल तेवढ्या झपाझप तो झुवैनाच्या घराकडे निघाला. तिच्या पायाशी बसेन, सगळं सांगेन, मुसल्लमसमोर सांगेन, बाजारात दवंडी पिटायला लावेन, असं मनाशी म्हणत चालला होता.

दार झुवैनाच्या सुनेने, शमसाने उघडलं. पण अर्धंच.

“काका, आत नाही येता येणार. आत्या इद्दतीत बसल्यात.”

विधवेची इद्दत, चार महिने आणि दहा दिवस. कुणा परपुरुषाने तिच्यासमोर जायचं नाही.

“पण हुमैद... काझींनी...”

“आत्याच काझींकडे गेल्या. मामंजी गेले असं लिहून घेतलं. आम्ही इतकी वर्षं मागे लागलो होतो, तेव्हा ऐकलं नाही. तुम्ही येऊन गेलात त्या रात्री बंदुकीपाशी बसून होत्या. सकाळी स्वतःच ती यांच्या हातात दिली. म्हणाल्या, घेऊन जा. ज्याची बंदूकसुद्धा खरी निघाली नाही, तो येईन म्हणाला ते काय खरं धरून बसायचं?”

सुवैदानने चौकटीला हात टेकला.

“पोरी, ती खरी होती. अस्सल. आत जा आणि आत्ताच्या आत्ता सांग तिला. मी खोटं बोललो. तिनंच मला सांगितलं होतं तसं बोल म्हणून. विचार तिला!”

शमसाने त्याच्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते, आणि तेच त्याला सहन होईना.

“काका, तुम्हाला आमची दया येते, कळतं मला. त्या दिवशी आत्यांनी तुम्हाला गळ घातली आणि तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणून तर त्यांचा विश्वास बसला. सासऱ्याच्या तोंडावर खरं बोलणारा माणूस तुम्ही. आता या वयात आमच्यासाठी खोटं बोलून कशाला पाप डोक्यावर घेता? त्यांना जरा कुठे झोप लागायला लागली आहे. लागू द्या.”

तिने हळूच दार लावून घेतलं. आतून कडी पडली. सुवैदानने मोठ्याने हाक मारली असती तर झुवैनाला ऐकू गेली असती, घर तेवढंच होतं. त्याने दोनदा तोंड उघडलं. मग बागेकडून मुसल्लम खजुरीच्या झावळ्या घेऊन येताना दिसला आणि त्याने लांबूनच अदबीने सलाम केला. म्हाताऱ्याने सलाम घेतला आणि तो घराकडे चालू लागला.