‘हं’ म्हण, नाहीतर खलाशी थांबेल

जानेवारी २०२१, शनिवार, आयर्लंडमधलं एनिस गाव. घरात हजर: मी, आठ वर्षांची मुलगी, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या आणि विमानं बंद झाल्यामुळे वर्षभर अडकलेल्या सासूबाई, आणि वरच्या छोट्या खोलीत, दार लावून, नवरा. तो सरकारी रुग्णालयात डॉक्टर आहे. नाताळानंतर त्याचा वॉर्ड करोनाच्या पेशंटांनी भरला आणि शेवटी तापाने त्यालाही गाठलं.

मी कामं वाटून मोकळी होणारी बाई आहे. दारात ताट कोणी ठेवायचं, त्याची भांडी कुठल्या टबात धुवायची, बाथरूम पुसल्यावर किती वेळ खिडकी उघडी ठेवायची, सगळं फ्रिजवर लिहून लावलेलं होतं. काम हातात असलं की मला भीती वाटत नाही, असा माझा समज होता. त्या आठवड्यात सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं आणि तरी फ्रिजवरचा कागद मी पुन्हा पुन्हा वाचत होते.

ऑक्सिजन मोजायचं यंत्र त्याच्याजवळ होतं. विचारलं की तो आतून आकडा ओरडायचा आणि वर म्हणायचा, “ग्रँड आहे.” इथे पावसापासून मोडलेल्या पायापर्यंत सगळंच ग्रँड असतं, त्यामुळे त्या शब्दावर माझा भरवसा नव्हता. माझा भरवसा होता गोष्टीवर.

रुग्णालयातून आला की तो रोज मुलीला एका अरबी खलाशाची गोष्ट सांगायचा. बसऱ्याहून जहाज निघायचं आणि दर खेपेला बुडायचं. कधी घुमटाएवढं अंडं घालणारा पक्षी, कधी हिऱ्यांच्या दरीत साप. सासूबाईंनी त्याला लहानपणी घालून दिलेला नियम त्याने मुलीलाही लावला होता: ऐकणाऱ्याने वाक्यागणिक हुंकार द्यायचा. ‘हं’ थांबलं की गोष्ट तिथेच थांबणार, मग खलाशी पाण्यात असो की सापाच्या तोंडाशी. तिने एखादा तपशील चुकीचा आठवला तर तोही चालायचा नाही. “शिडाची दोरी लाल होती, पिवळी नाही,” म्हणून तो मागे जायचा.

आजारपणात त्याला खोकल्यामुळे सांगता येईना. तेव्हा मुलगीच म्हणाली, “आय’ल टेल इट. तू फक्त हं म्हण.” संध्याकाळी ती हॉट प्रेसला, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटाला, पाठ टेकून बसायची आणि बंद दाराकडे तोंड करून गोष्ट सांगायची. खाली स्वयंपाकघरात मी आणि सासूबाई कान देऊन असायचो. वरून “हं” आलं की सासूबाई पोळी लाटायला लागायच्या. “हुंकार देऊन राह्यला ना? मंग चांगला आहे तो.” मलाही ते पटायचं. माणूस गोष्ट ऐकतोय म्हणजे शुद्धीवर आहे, श्वास घेतोय, आपला आहे.

त्या शनिवारी खलाशी एका हिरव्या बेटावर उतरला होता. मुलगी रंगात आली होती. “मग त्यांनी चूल पेटवली. अँड दे मेड खिचडी.”

“हं.”

“पण ते बेट नव्हतंच. इट वॉज अ ह्यूज फिश, झोपलेला. पाठीवर झाडं उगवलेली.”

“हं.”

“चटका बसला तसा तो हलला. खलाशाने फोन काढला आणि पिझ्झा मागवला.”

“हं.”

मुलगी खिदळली. “खलाशाने आपलेच बूट खाल्ले. विथ केचप.”

“हं.”

ती धाडधाड जिना उतरून आली. हसत होती. “मम्मी, ही इज नॉट इव्हन लिसनिंग! मी काहीही म्हटलं तरी हं म्हणतोय.”

दोरीच्या रंगावरून गोष्ट अडवणारा माणूस. मास्क अर्धवट लावून मी वर पळाले आणि मीच केलेला नियम मोडून दार उघडलं.

तो उशीला टेकून बसला होता. ओठ निळसर. प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जात होते, आणि प्रत्येक श्वास सुटताना तोंडातून ‘हं’ निघत होतं. तो हुंकार नव्हताच. तो कण्हत होता. यंत्र बोटालाच होतं. त्यावरचा आकडा त्याने मला ओरडून सांगितलेल्या आकड्यापेक्षा बराच खाली होता.

“तिथे... नको,” तो म्हणाला.

मी फोन लावतच होते. का नको, ते मला माहीत होतं. त्याच वॉर्डात त्याने कितीतरी पेशंटांच्या कानाला फोन धरले होते, घरच्यांना शेवटचं बोलता यावं म्हणून.

अँब्युलन्समधून पायापासून डोक्यापर्यंत झाकलेली दोन माणसं आली. “व्हेअर’ज युअर मॅन?” एकाने विचारलं आणि दोघं माझ्या उत्तराआधीच जिना चढले. त्याला खाली आणताना सासूबाई दाराआडून म्हणत राहिल्या, “हं म्हण रे बाप्पा, हं म्हण.” मुलगी जिन्याखाली उभी होती. “आय वॉज ओन्ली जोकिंग,” ती म्हणाली. “बुटांचं खोटं होतं.”

दोन दिवसांनी वॉर्डातून नर्सचा फोन आला. त्याला नाकातून जोराचा ऑक्सिजन लावलाय, तो बोलू शकत नाही, पण मुलीला बोलायचं असेल तर नर्स त्याच्या कानाला फोन धरेल. असे फोन कशासाठी असतात, ते त्यानेच मला सांगितलं होतं. नर्स एवढंच म्हणाली, “ही’ज टायर्ड, लव्ह.” मी फोन स्पीकरवर लावून मुलीकडे दिला.

“मासा बुडाला,” ती म्हणाली आणि थांबली. पलीकडे नुसता हवेचा आवाज. ती पुढे बोलेचना. “हं नाही तर गोष्ट नाही,” तिने मला सांगितलं. मी नर्सला घाईघाईने नियम समजावला. मग इथल्या क्लेअर जिल्ह्याच्या अस्सल हेलात, जरा लांबवलेलं, “हंऽ?” आलं. “त्याने माझं बोट दाबलं,” नर्स इंग्रजीत म्हणाली. “दाबलं की मी म्हणेन. चालेल?”

“खलाशाला एक लाकडी टब सापडला,” मुलगी म्हणाली.

“हंऽ.”

“पिवळा टब.”

हं आलं नाही. मग नर्स म्हणाली, “तो मान हलवतोय. नाही म्हणतोय वाटतं.”

मुलीने डोळे पुसले. “लाकडी. नुसता लाकडी.”

“हंऽ.”

फेब्रुवारीत तो घरी आला. जिना चढताना मधल्या पायरीवर अजून बसतो, आणि तो बसला की खाली आम्ही तिघी बोलायच्या थांबतो. गोष्ट मात्र तिथेच आहे. तो मागतो, मुलगी “उद्या” म्हणते आणि अभ्यासाला बसते. मी एकदा कारण विचारलं. “पुढे सांगितली आणि तो हं म्हणाला नाही तर?” ती म्हणाली.

घरातली बाकी कामं उरकली. भांड्यांचा वेगळा टब धुऊन शेडमध्ये ठेवला, फ्रिजवरचा कागद काढला. खलाशी अजून पाण्यात आहे, टबाला धरून. त्याला काठाला लावायचं राहिलंय.