त्या समुद्रावर न गेलेलं विमान

माझा मोठा भाऊ, अण्णा, टगवर इंजिनिअर होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून नेणारी छोटी, दणकट बोट. आमचं घर कित्येक पिढ्या म्हैसूरचं. इथून समुद्र घाट उतरून गेल्याशिवाय दिसत नाही. अशा घरातल्या मुलानं समुद्राची नोकरी का धरली, हे आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. त्याला विचारलं की तो म्हणायचा, "सुम्ने, आवडतं म्हणून." घरात आम्ही मराठीच बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की 'सुम्ने'ला मराठीत काय म्हणायचं ते आम्हाला चटकन आठवत नाही. उगाच, असंच, विशेष कारण नाही, असं काहीसं.

वहिनी साताऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमची मराठी ऐकून हसू यायचं. इथल्या एका शाळेत ती भूगोल शिकवायची. अण्णा काही महिने समुद्रावर असायचा, मग काही आठवडे घरी, आणि मधल्या काळात आई, वहिनी आणि मी अशा तिघी.

त्या वर्षी त्याची रजा दसऱ्याला ठरली होती. बन्नीमंटपची मशालींची कवायत वहिनीनं कधी पाहिली नव्हती, तो तिला नेणार होता. रजा पुढे गेली. दसरा झाला आणि त्यानंतरच्या आठवड्यात अरबी समुद्रात वादळ तयार झालं. दुपारी त्याचा फोन आला. आधी वहिनीशी बोलला, मग मी फोन घेतला.

"वारं बरंच आहे का?" मी विचारलं.

"स्वल्प आहे. वादळ आमच्या बाजूनं जाणार, पण फार मोठं होणार नाही म्हणतायत. एवढं पाहिलंय गं कणे मी. आईला टीव्ही लावू देऊ नकोस."

त्या रात्रीत ते वादळ कुणी गृहीत धरलं नव्हतं इतकं चढलं. कुठून जाईल ते बरोबर सांगितलं होतं, गेलंही तिथूनच. त्याचा जोर मात्र अंदाजात बसला नव्हता. टग उलटली. काही माणसं वाचली, काहींचे देह किनाऱ्याला लागले. अण्णा सापडला नाही.

मी तेव्हा म्हैसूरमध्येच एका कंपनीत जमिनीची मोजणी करत होते. विमानातून किंवा ड्रोनमधून लेझरचा प्रकाश खाली सोडायचा, तो परत यायला किती वेळ लागतो त्यावरून डोंगर, झाडं, विजेच्या तारा यांची उंची काढायची. या यंत्राला लिडार म्हणतात. अण्णा गेल्यावर वादळांबद्दल मिळेल ते वाचायला लागले आणि एकदा कळलं की लिडारनं वारासुद्धा मोजतात. परदेशात काही विमानं वादळावर जातात, तेव्हा त्यांच्या पोटातून लेझरचे ठोके खाली सोडतात. हवेतली धूळ आणि समुद्राच्या मिठाचे कण तो प्रकाश परत पाठवतात. कण वाऱ्याबरोबर धावत असतात, त्यामुळे परत आलेल्या प्रकाशात किंचित फरक पडतो. त्या फरकावरून वारा किती जोरात आहे ते कळतं.

आईला हे मी स्वयंपाकघरात समजावलं होतं. "बस हॉर्न वाजवत जवळ येते तेव्हा आवाज वेगळा, पुढे निघून गेली की वेगळा. तसंच."

आई वाटाणे सोलत होती. "मग समुद्रावरचं वारं वरून दिसतं?"

"ढग दाट असले तर नाही दिसत. ढगांच्या फटींतून दिसतं, अगदी पाण्याजवळपर्यंत. पाऊस असेल तिथं रडार बघतं."

"हं," म्हणाली, आणि सोललेले वाटाणे धुवायला उठली.

वर्षभरानं मला अशाच एका परदेशी गटात काम मिळालं. घरी, वरच्या खोलीत बसूनच करायचं. तिकडे विमान उडून परत यायचं आणि सकाळी माझ्याकडे मापं यायची. त्यांतली चुकीची काढून टाकायची, उरलेली अंदाजाच्या गणितात घालायची. एकच अंदाज आम्ही दोनदा चालवायचो, एकदा लिडारची मापं घालून आणि एकदा ती वगळून. एका मोसमात एका वादळाचा जोर ती मापं घातल्यावर खऱ्याच्या बराच जवळ आला. कॉलवर सगळे खूश होते. मीही होते. खाली आले तर वहिनी शाळेतून येऊन चहा टाकत होती. मी उत्साहात सांगायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

"सांग ना," ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. तिनं चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला.

"हे विमान आपल्या समुद्रावर येतं का?"

"नाही."

"का?"

"तशी विमानं फार थोडी आहेत. तिकडच्याच वादळांवर जातात."

ती भूगोलाची शिक्षिका. वर्गात नकाशावर दोन्ही समुद्र दाखवणारी. तिनं गाळणी विसळून ठेवली. मग म्हणाली, "तेव्हा आलं असतं तर?"

या प्रश्नाचं उत्तर काढायची एक रीत आमच्या कामात आहे. विमान कल्पनेतलं घ्यायचं. ते त्या दिवशी त्या वादळावर गेलं असतं तर त्याला काय दिसलं असतं, ती मापं गणितानं तयार करायची, आणि अंदाज पुन्हा चालवायचा. नवीन विमान घ्यावं की नाही, यंत्र कुठलं लावावं, हे ठरवायला लोक असं करतात. मी ते अण्णाच्या वादळासाठी केलं. कामाचे तास संपल्यावर, सुट्टीच्या दिवशी. वहिनीला माहीत होतं. ती वर येऊन कधी विचारायची नाही, पण मी जेवायला खाली आले की माझ्या तोंडाकडे बघायची.

आमच्या गटप्रमुख बाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "विमान तूच उडवणार, त्याला काय दिसलं तेही तूच ठरवणार. त्यातून जे निघेल त्यावर फार भार टाकू नकोस." मी हो म्हटलं. तरी थांबले नाही.

अंदाज एकच नसतो. सुरुवातीला किंचित फरक ठेवून तोच पुष्कळदा चालवतात. माझ्या कल्पनेतल्या विमानाची मापं घातल्यावर काही अंदाजांत वादळ चढणार हे आदल्या दिवशीच दिसलं. काहींत नाही दिसलं, आधीसारखंच मवाळ राहिलं. रविवारी सकाळी मी लॅपटॉप खाली आणला आणि आई आणि वहिनी दोघींसमोर ते ठेवलं. पडद्यावर रेघांचा गुंता होता. वर गेलेल्या रेघा कुठल्या, खाली राहिलेल्या कुठल्या, ते बोट ठेवून दाखवलं.

वहिनीनं विचारलं, "यांतल्या कितींत तो घरी येतो?"

"वहिनी, ही माणसं नाहीत. हे वारं आहे फक्त."

"तेच विचारतेय. या वरच्या रेघा. यांत इशारा आला असता, त्यांनी बोट बंदरात आणली असती. आणली असती ना?"

"माहीत नाही. कदाचित."

"आणि खालच्या रेघांत तो जातोच."

तिचा आवाज चढला नव्हता. पदरानं तिनं तोंड पुसलं आणि पडद्याकडे बघत राहिली. मग आई बोलली. तिला रेघा कळल्या नव्हत्या.

"आधी कळलं असतं आणि तरी परत फिरता आलं नसतं, तर तो आणखी एक दिवस भ्याला असता. अल्ला?" 'हो ना?' म्हणावं तसं तिनं कन्नडात विचारलं.

"असं नका ना बोलू, आई," वहिनी म्हणाली.

"मला एवढंच पाहिजे, त्यानं फार वेळ भिऊन काढला नसू दे. बाकी काय मागू आता?" आई म्हणाली आणि उठून देवघरात गेली.

लॅपटॉप मी मिटला. दुपारी कुणी नीट जेवलं नाही. त्यानंतर काही आठवडे वहिनी माझ्याशी कामापुरतंच बोलायची. मी नको तेवढं मोजलं असं तिला वाटत होतं, की पुरेसं मोजलं नाही असं, ते मला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. एक दिवस भाजी निवडताना तीच म्हणाली, "आता त्याचं करून टाकू या."

देह सापडला नाही म्हणून अण्णाचे विधी आम्ही केले नव्हते. मृत्यूचा दाखला आला होता, तो कपाटात होता. तरी आईनं त्याचे कपडे दर मोसमाला उन्हात घालून परत घडी करून ठेवले होते. वहिनीनं म्हटल्यावर आई नाही म्हणाली नाही.

श्रीरंगपट्टणला नदीकाठी गेलो. धाकटे काका विधीला बसले. देहाऐवजी पळसाच्या पानांची आकृती करायची असते, ती गुरुजींनी केली. काकांना त्यांनी कन्नडमध्ये तिथी विचारली. काकांनी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे. तो शेवटचा बोलला तो दिवस आणि शोध थांबवला तो दिवस, एवढंच कागदांवर होतं.

"नक्की माहीत नसेल तर अमावास्येला करता येतं. बरेच लोक तसंच करतात," गुरुजी म्हणाले.

"नको," वहिनी म्हणाली. "त्याची त्याला हवी."

टग शेवटी कुठं होती ते माहीत होतं. त्या जागेवरचं वारं तासागणिक कसं चढत गेलं, ते इतके महिने माझ्यासमोर होतं. पहाटेपर्यंत तशी बोट तग धरू शकली असती. सगळ्यात वाईट वारं उजाडल्यानंतरचं होतं. वाचलेल्यांपैकी एकानं, बोट उलटली तेव्हा उजेड होता, असंही सांगितलं होतं. मी गुरुजींना म्हटलं, "फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी. सूर्योदयानंतर, सकाळी."

त्यांनी पंचांग उघडलं, बोटानं रकाना शोधला आणि तिथी सांगितली. आईनं ती स्वतःशी पुन्हा म्हटली, पाठ करावी तशी. गुरुजींनी काकांच्या हातात पाणी दिलं. वहिनी जरा मागे, पायरीवर उभी होती. मी तिच्याजवळ गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं आणि सगळं संपेपर्यंत सोडलं नाही.

पुढच्या जूनमध्ये तिला साताऱ्याजवळच्या शाळेत नोकरी मिळाली आणि ती गेली. आईनंच तिला जा म्हटलं. श्राद्धाच्या आदल्या दिवशी ती येते, मी स्टेशनवर आणायला जाते. घरी आली की पदर खोचून आईबरोबर स्वयंपाकाला लागते, आणि मी दोघींच्या मधे बसून खोबरं खवते.