कुत्रं सोडत नाही की!

लग्न होऊन कोल्हापुरात आले ती राजारामपुरीच्या पार टोकाच्या नव्या घरात. पुढं नुसता माळ. माहेरी पेठ वडगावात आमच्या घरी माणसांचा बाजार भरलेला. इथं मी, हे आणि मामंजी. हे नोकरीपायी निम्मा महिना फिरतीवर. मामंजी दरबारातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, पण घरात हुकूम सोडणं चालूच. बोलायला कुणी नाही म्हणून मी चुलीशी भांडायची. खोटं कशाला सांगू, रडायचीसुद्धा.

म्हणून मी म्हटलं, एक कुत्रं आणू या. वडगावच्या डॉक्टरीणबाईंकडं होतं तसं, पांढरं, झुपकेदार, मांडीवर बसणारं.

मामंजी कडाडले, "ते कुत्रं म्हणायचं? ते तर पावडर लावायचं फूल!" त्यांना हवं होतं शिकारी कुत्रं, उंच, काटकुळं, सशाला पळता भुई थोडी करणारं. संस्थान गेलं तरी मामंजींची शिकारीची हौस जाईना. आयुष्यात ढेकणाखेरीज कशाची शिकार केली असेल तर शपथ. "पळणारं कुत्रं चोराच्या आधी पळेल," असं मी स्वयंपाकघरातून, बाहेर ऐकू जाईल इतपत हळू म्हटलं.

यांनी मग मधला मार्ग काढला, नेहमीप्रमाणं दोघांनाही न आवडणारा. कळंब्याकडं खतासाठी शेतात मेंढरं बसवलेल्या धनगराकडून एक दांडगं, काळं, फाटक्या कानाचं कुत्रं आणलं. धनगर म्हणाला, "पावणं, लै इमानी हाय. दिस मावळला की कळपातलं एक बी भाईर जाऊ द्यायचं न्हाय."

मामंजींनी त्याचा अर्थ घेतला, चोर आत येणार नाही. जन्म दरबारात काढलेल्या माणसाला मेंढरांतलं काय डोंबल कळणार? पहिल्याच आठवड्यात कुत्र्यानं दूधवाला, भाजीवाली, कल्हईवाला, सगळ्यांना शेपूट हलवत आत घेतलं. मामंजी भडकले. "चैत्रागौरीचं हळदीकुंकू होऊ दे, दुसऱ्या दिवशी हे ध्यान परत!"

ते हळदीकुंकू माझं इथलं पहिलं. मी त्याच घोरात. बायका येतील का? आल्या तरी बसतील का? चैत्रात एकेक बाई दहा घरं करते; कुंकू लावायचं, कैरीच्या डाळीचा घास तोंडात कोंबायचा, भिजले हरभरे पदरात, की पळाली पुढच्या घरी. मला मैत्रीण पाहिजे होती हो. हरभरे घेऊन पळणारी नको होती.

आल्या सहा-सातजणी, दिवेलागणीला. पन्ह्याचा घोट घेऊन एक उठली. "येते हं." फाटकापाशी कुत्रं आडवं उभं. दात दाखवणं नाही, भुंकणं नाही. डोक्यानं ढकलत तिला ओसरीपर्यंत परत आणलं. दुसरी गेली, तीही परत. तिसरी "अगं बाई!" म्हणत आपणहूनच बसली. मामंजी काठी घेऊन दम द्यायला गेले, तर त्यांनाही हाकून आमच्या सतरंजीवर आणलं. बायकांत बसलेले मामंजी! आधी कुणी हसेना, मग कुणाला हसू आवरेना.

मग काय, बसल्याच. डाळ संपली, पन्हं संपलं, नवऱ्यांचा उद्धार झाला, सासवांचा तर सविस्तर. लग्नानंतर मी इतकी कधी बोलले नव्हते.

शेवटी त्यांना पोचवायला मी निघाले, तर कुत्रं मुकाट बाजूला झालं. सगळ्या एका घोळक्यात, पुढं मी, मागं ते. त्याच्या लेखी धनगर मीच होते.

सकाळी मामंजी साखळी घेऊन उभे. मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "कुत्रं जाणार नाही, मामंजी." ते म्हणाले, "चहा टाक."

चार दिवसांनी तिन्हीसांजेला त्या बायकांतली एकजण आली. मग दुसरी. दिवस मावळायच्या बेतालाच यायच्या आणि पाय पसरून बसायच्या. त्यांना घरी सासूनं उशीर का म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "काय करू, कुत्रं सोडत नाही की!"

कुत्रं तेव्हा परसात बांधलेलं असायचं, मामंजींच्याच साखळीनं. ते त्या बायकांनाही दिसायचं आणि मलाही.