आत्यानं होडीला हात लावला नाही

करणी, भुतंखेतं असं काही निघालं की मी उठून जाणारा माणूस. डिप्लोमा मेकॅनिकल, नांदेडला पंप दुरुस्त करतो. तरी लिहितोय... कारण त्या दिवशी वल्हं माझ्याच हातात होतं.

मुदखेडच्या बाजूला गोदावरीच्या पात्रात एक बेट आहे. मोजकी घरं, केळी-हळदीची शेतं आणि सगळ्यांत मिळून एक होडी. रीत अशी — होडी सुटताना दुसऱ्या घरातल्या कुणीतरी हात लावून ढकलायची. भांडण असलं तरी. एवढ्याशा बेटावर एकमेकांशिवाय जाणार कुठं?

माझी आत्या तिथं दिलेली. मारोतीकाका तिचा चुलत दीर, बांधावरून वाद. मागच्या वर्षी आतोबांना साप चावला. होडीच्या साखळीची किल्ली नेमकी काकाकडं. आत्यानं त्याचे पाय धरले, तर म्हणाला, "आधी बांधाचं बोला!" आतोबा काठावरच गेले.

तेराव्याला आत्या सगळ्यांसमोर इतकंच बोलली, "भावजी, तुम्ही बसाल त्या होडीला माझा हात न्हाई लागायचा."

त्यानंतर काका बेटाबाहेर पडला नाही. आम्हाला वाटलं, तोंड लपवतोय. मग त्याच्या लेकीचं लग्न मुदखेडला ठरलं. काकू अन् पोरगी आदल्या दिवशीच गेल्या.

लग्नाची सकाळ. मीही लग्नासाठी बेटावर आलेला. वारा नाही. काका होडीत बसला, शेजाऱ्यांनी होडी ढकलली, मी वल्हवत मध्यावर आलो — आणि होडी आपोआप वळली! येऊन टेकली ती आत्याच्या दारासमोर. काका उतरला की सरळ जायची, बसला की माघारी. शेवटी इंजिनची होडी मागवली. तीही मध्यावर बंद. मी इंजिन उघडून पाहिलं, सगळं ठीक... वाहत तिथंच आली.

काका फेट्यासकट आत्याच्या पायावर पडला. "वहिनी, हात लावा. पोरगी वाट बघून राहिली."

आत्या भांडी घासत होती. "मीबी पाय धरले व्हते, भावजी."

मग हात धुतले, नवं लुगडं नेसली आणि वल्ह्याच्या होडीत येऊन बसली. "चल रे. पोरीनं माझं काय घोडं मारलंय?"

काका काठावरच राहिला. होडी सरळ पैलतीराला लागली.

मांडवात आत्या नवरीच्या मागं उभी राहिली. विधवा म्हणून कुणी चकार शब्द काढला नाही. पोरगी सारखी विचारायची, "आबा कुठं हाईत?"

आत्यानं तिचे डोळे पुसले. "त्यांला पाणी सोडंना, बाई."

प्रवाह, भोवरा, इंजिनात कचरा — सगळा विचार करून झालाय. उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर सांगा. फक्त काकाची दया आली का, हे विचारू नका. पंगतीत मी बुंदी मागून मागून खाल्ली.